ना सकार, ना नकार

(नांदेड येथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप.)



अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाला संगणकाच्या विद्यार्थ्यांपुढे उभे करण्याचे धाडस आपण केलेत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो आणि लगोलग माझ्या अज्ञानाची कबुलीही देऊन टाकतो. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. गेल्या वर्षभरात तो थोडाफार वाचता येऊ लागला आहे, आणि तोही दहा-बारा ओळींपलीकडचा नव्हे. आज मी बोलणार आहे ते अशाच एका दहा-बारा ओळींच्या प्रोग्रॅमविषयी.

लातूरला आमच्या गल्लीतली एक मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली असता मी सहज विचारले, ‘‘हल्ली कशात गुंतली आहेस?’’ ती म्हणाली, ‘‘सर, दोन दिवस एक हरवलेलं प्रॉमिस शोधत होते.’’ मला वाटले, म्हाताऱ्याची थट्टा चालली आहे. पण तिने लॅपटॉप उघडला, तो छोटासा प्रोग्रॅम दाखवला आणि तासभर समजावून सांगितले. ते ऐकताना माझ्या ध्यानात आले की, ज्या विषयावर मी तीस-एक वर्षे शिकवत आलो, तोच विषय या मुलांनी नव्या नावाने पुन्हा मांडला आहे. वचन म्हणजे काय, ते कागदावर कसे उतरते, ते पाळण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहतो, आणि ते पाळलेही गेले नाही व मोडलेही गेले नाही तर वाट पाहणाऱ्याने काय करावे, हे पतव्यवहाराचे मूळ प्रश्न आहेत. ते तुमच्या प्रोग्रॅममध्येही आहेत.

येथे बसलेल्या सर्वांनाच हा विषय अवगत असेल असे नाही, म्हणून मला जसा समजला तसा आरंभापासून सांगतो. आपल्यापैकी अनेकजण खेड्यातून आले आहेत. त्यांना पिठाची गिरणी ठाऊक आहे. गृहिणी दळणाचा डबा गिरणीत ठेवते, आणि दळण होईपर्यंत तेथे उभी राहत नाही. दुसऱ्या दुकानातून मीठ-मिरची घेते, मुलाला शाळेतून आणते आणि परतताना डबा घेऊन जाते. ज्याला आपण असिंक्रोनस पद्धत म्हणता ती हीच. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत रचली असे सांगतात. त्या भाषेत तुमचा प्रोग्रॅम चालवणारा कामकरी एकच असतो. घरात एकट्या बाईने चुलीवरचे दूधही पाहायचे, दारातल्या माणसाशी बोलायचे आणि रडणारे मूलही घ्यायचे, तशी त्याची स्थिती असते. तो गिरणीच्या दारात खोळंबून राहिला तर सारे घरच ठप्प होते. म्हणून जे काम दूरचे आणि वेळखाऊ आहे, उदाहरणार्थ दुसऱ्या यंत्राकडून माहिती मागवणे, ते सोपवून द्यायचे आणि आपण पुढच्या कामाला लागायचे.

पण सोपवलेल्या कामाचे उत्तर आले म्हणजे काय करायचे? जुनी रीत निरोपाची होती. गिरणीवाल्याला सांगून ठेवायचे की, ‘‘दळण झाले की आमच्या घरी कळव, घरातून कोणी डबा न्यायला आले की त्याला म्हणावे वाण्याकडे जा, वाण्याकडे गूळ मिळाला की…’’ असे निरोपाच्या पोटात निरोप घालत जायचे. या रीतीला आपण कॉलबॅक म्हणता. चार निरोपांपुढे कोणी कोणाला काय सांगितले याचा मेळ लागत नाही, आणि मधल्या एकाने निरोप पोचवलाच नाही तर दोष कोठे झाला हेही उमगत नाही. त्यावर उपाय निघाला तो कागदाचा. काम सोपवताक्षणी हाती एक चिठ्ठी यावी; तिच्यावर उत्तर नसेल, पण उत्तर येथेच उमटेल असे आश्वासन असेल. ही चिठ्ठी खिशात ठेवता येते, दुसऱ्याला देता येते, दहा चिठ्ठ्या एकत्र करून सगळ्या वठल्यावर पुढचे काम करता येते. हे तुमचे प्रॉमिस.

हे ऐकल्यावर मला आठवण झाली ती हुंडीची. माझ्या विषयाचा भाग असल्याने येथे थोडा रेंगाळतो. आपण क्षमा कराल. आगगाडी आणि बँका यांच्याही आधी या देशातला व्यापार हुंडीवर चाले. हुंडी दाखवताच पैसे द्यावयाचे असतील तर ती दर्शनी, आणि ठरावीक दिवसांनी द्यावयाचे असतील तर मुदती. माल सुखरूप पोचला तरच पैसे, अशी अट असेल तर ती जोखमी. ज्या पेढीवर हुंडी काढली ती पेढी हुंडी ‘सकारत’ असे किंवा ‘नाकारत’ असे. हे दोन शब्द मराठीत इतके नेमके आहेत की, तुमच्या रिझॉल्व्ह आणि रिजेक्ट यांना मी आजच्या भाषणापुरते तेच वापरणार आहे. पैसे दिलेली हुंडी म्हणजे खोका. तिच्यावर पुन्हा पैसे मागता येत नाहीत. प्रॉमिसचेही असेच आहे. एकदा सकारले किंवा नाकारले की निकाल कायम. मागाहून कोणी दुसरा शिक्का मारू गेला तर त्याची दखल घेतली जात नाही. हुंडी वाटेत हरवली तर तिची नक्कल म्हणून पेठ निघे, तीही हरवली तर परपेठ. आणि हुंडी नाकारली गेली तर धारकाची अब्रू व सोय राखावी म्हणून जिकरी चिठ्ठी दिलेली असे. त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या पतवंताच्या नावाने ती असे, आणि अमक्या पेढीने नाकारल्यास आपण पैसे द्यावेत अशी तीत विनंती असे. तुम्ही प्रॉमिसच्या साखळीला शेवटी जो कॅच लावता तो पाहून मला या जिकरीची आठवण झाली. साम्य तंतोतंत नाही, हे मला कळते. हुंडीचे पैसे एकालाच मिळतात. प्रॉमिसचे उत्तर मात्र जितक्यांनी मागून ठेवले असेल तितक्या सर्वांना मिळते, आणि उशिरा आलेल्यालाही मिळते. या बाबतीत तुमचा कागद हुंडीपेक्षा उदार आहे.

कीर्तनात आपण नरसी मेहत्याच्या हुंडीची कथा ऐकली असेल. द्वारकेला ज्या शामळशेटच्या नावे त्याने हुंडी लिहून दिली, त्या नावाची पेढीच तेथे नव्हती. शेवटी देवाने सावकाराचे रूप घेऊन ती सकारली. भक्ताच्या दृष्टीने कथा थोर आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला नेहमी त्या यात्रेकरूंची काळजी वाटत आली, जे तो कागद घेऊन द्वारकेच्या बाजारात पेढी शोधत हिंडत होते.

संगणकातल्या या कल्पनेचा इतिहासही बराच जुना आहे. डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी १९७६ साली ‘प्रॉमिस’ हा शब्द सुचवला. १९७७ साली हेन्री बेकर आणि कार्ल ह्यूइट यांनी जवळपास त्याच कल्पनेला ‘फ्यूचर’ म्हटले. १९८८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत बार्बरा लिस्कॉव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी तिला पक्के रूप दिले. दूरच्या यंत्राकडे काम पाठवून उत्तराची वाट न पाहता पुढे जाता यावे, आणि काम फसले तर फसल्याची बातमीही त्याच कागदावर यावी, ही त्यांची मांडणी. लिस्कॉव्ह यांना पुढे २००८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सामान्य वेब प्रोग्रॅमर मात्र आणखी वीस-बावीस वर्षे निरोपांच्या जंजाळातच होता. मग कोणी एकाने, कोणी दुसऱ्याने आपापल्या छोट्या लायब्रऱ्या लिहून त्या फुकट वाटल्या. २०११ च्या आरंभी जेक्वेरी या लोकप्रिय लायब्ररीत ‘डिफर्ड’ नावाची वस्तू आली. वेगवेगळ्या लायब्रऱ्यांचे कागद एकमेकांत चालावेत म्हणून २०१२ साली काही प्रोग्रॅमरांनी आपसांत बसून एक सामाईक नियमावली ठरवली. त्यामागे सरकार नव्हते की एखादी कंपनी नव्हती. आणि २०१५ साली प्रॉमिस जावास्क्रिप्टच्या प्रमाण भाषेतच दाखल झाले.

आता त्या दहा ओळींकडे येतो. पी-डिफर हे तिचे नाव. सिंद्रे सोरहुस या नॉर्वेजियन प्रोग्रॅमरने ती लिहिली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना दिली. प्रमाण भाषेतल्या प्रॉमिसची रचना अशी आहे की, कागद तयार करतानाच त्यावर मारायचे दोन शिक्के, एक सकारण्याचा व एक नाकारण्याचा, त्या तयार करण्याच्या कामाच्या आतच मिळतात. जणू हुंडी लिहिणारा मुनीम एका बंद खोलीत बसला आहे आणि शिक्के खोलीबाहेर जात नाहीत. यात शहाणपण आहे. खोलीत काम चालू असता काही घोटाळा झाला तर भाषा आपण होऊन ‘नाकारले’ असा शिक्का मारते. पण कित्येकदा काम असे असते की, कागद आज द्यायचा आणि शिक्का मारण्याचा प्रसंग भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी यायचा. अशा वेळी पी-डिफर काय करते? ती एक साधी वस्तू घेते, नवे प्रॉमिस तयार करते, आतले दोन्ही शिक्के उचलून त्या वस्तूवर बाहेर ठेवते, शेजारी प्रॉमिसही ठेवते, आणि ती वस्तू आपल्या हाती देते. एवढेच. यापुढे कागद एकाकडे व शिक्के दुसऱ्याकडे राहू शकतात. डिफर्ड म्हणजे पुढे ढकललेले. निर्णयाचा अधिकार येथे पुढच्या वेळेवर आणि पुढच्या माणसावर ढकललेला असतो.

याचा खरा उपयोग कोठे, हे त्या मुलीने सांगितले, आणि तिचे हरवलेले प्रॉमिसही तेथेच होते. १९८० च्या दशकात बँकेतून पैसे काढायला गेलेल्यांना पितळी बिल्ला आठवत असेल. धनादेश आत दिला की क्रमांकाचा बिल्ला हाती येई. रोखपाल क्रमांक पुकारी आणि पैसे देई. क्रमाने पुकारेलच असे नाही. एकेचाळिसावा आधी, अडतिसावा मागून. तिच्या कंपनीत दोन यंत्रांमध्ये एकच जोडणी आहे. तिच्यावरून प्रश्न जातात आणि उत्तरे येतात, पण उत्तरे प्रश्नांच्या क्रमाने येत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यायचा, त्याच्यासाठी एक डिफर्ड करायचा, कागद विचारणाऱ्याला द्यायचा आणि शिक्के क्रमांकाप्रमाणे एका वहीत ठेवायचे. एकेचाळीस क्रमांकाचे उत्तर आले की वहीतून एकेचाळिसावे शिक्के काढायचे आणि सकारायचे. व्यवस्था उत्तम होती. पण एका रात्री ती जोडणीच तुटली. नवी जोडणी मिनिटभरात झाली, काम सुरूही झाले, परंतु जुन्या जोडणीवरून गेलेल्या प्रश्नांची उत्तरे आता येणार नव्हती. वहीत त्यांचे शिक्के तसेच पडून राहिले. जोडणी तुटताच वही उघडून उरलेल्या प्रत्येक क्रमांकावर ‘नाकारले’ असा शिक्का मारायला हवा होता. त्या तीन-चार ओळी कोणी लिहिल्याच नव्हत्या. सकाळी लोक कामावर आले तेव्हा पडद्यावरची चक्रे रात्रभर फिरत होती आणि अजूनही फिरत होती. कोठेही चूक नोंदलेली नव्हती.

मित्रहो, माझे खरे म्हणणे या शेवटच्या वाक्याविषयी आहे. प्रॉमिसच्या तीन अवस्था असतात: सकारलेले, नाकारलेले आणि प्रलंबित. नाकारलेल्या प्रॉमिसकडे कोणी लक्ष दिले नाही तर यंत्रणा आरडाओरडा करते. नोड नावाच्या व्यवस्थेत तर २०२० सालापासून असा न ऐकलेला नकार संपूर्ण प्रोग्रॅम बंद पाडतो. परंतु जे वचन कायमचे प्रलंबित राहिले, त्याच्याविषयी, अगदी वरच्या पातळीवर थांबलेल्या एखाद्या प्रकाराचा अपवाद सोडला तर, यंत्रणा काहीच बोलत नाही. शिक्के कोणाच्याच हाती उरले नाहीत की तो कागद, त्यावर वाट पाहणारे काम, सारेच स्मृतीतून मुकाट झाडून टाकले जाते. नकाराची नोंद होते, मौनाची होत नाही.

हे मला मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १९७५-७६ च्या सुमारास माझ्या वडिलांनी आठ पोती तूर एका अडत्याकडे घातली. कच्ची पट्टी मिळाली. पैसे ‘पुढच्या बाजारी’. पुढच्या बाजारी गेले तर मुनीम नाही. त्यापुढच्या बाजारी मालक बाहेरगावी. एसटीचे भाडे खर्चून त्यांनी अशा नऊ खेपा घातल्या. त्या आशेवर त्यांनी सोसायटीचे कर्ज थकू दिले आणि दुसऱ्या सावकाराकडे शब्दही टाकला नाही, कारण पैसे तर येणारच होते. नवव्या खेपेहून परत आल्यावर ते आईला म्हणाले, ‘‘नाही म्हणला असता तर पहिल्याच दिवशी मोकळा झालो असतो.’’ मी तेव्हा शाळेत होतो. पुढे अर्थशास्त्रात ‘संधीखर्च’ ही संज्ञा शिकलो तेव्हा पुस्तकातले उदाहरण सोडून मला ही आठ पोती आठवली.

वैयक्तिक गोष्ट सोडून देऊ. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने या विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या सोयी देण्याचे आश्वासन मिळाले. एकतीस वर्षांनी, १९८४ साली, प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने हिशेब मांडला तेव्हा राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक निघाला. त्यातला सुमारे ७५० कोटींचा मराठवाड्याचा. वैधानिक विकास मंडळे आणखी दहा वर्षांनी, १९९४ साली आली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. या साऱ्या काळात कोणत्याही मुख्यमंत्र्याने, कोणत्याही पक्षाच्या, उभे राहून असे म्हटल्याचे मला स्मरत नाही की, हे वचन आम्ही नाकारतो. म्हटले असते तर वाद झाला असता, लढा झाला असता, निदान दुसरी पेढी शोधता आली असती. सत्तेला नकारापेक्षा प्रलंबन नेहमीच स्वस्त पडते, कारण त्याचा खर्च वाट पाहणारा भरतो.

यावर उपाय नाही असे मात्र नाही, आणि तो तुमच्या क्षेत्रातही आहे व कायद्यातही आहे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मजुराने काम मागितल्यापासून १५ दिवसांची मुदत घातली, आणि तेवढ्यात काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देऊ केला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही तीच १५ दिवसांची मुदत होती. भत्ता प्रत्यक्षात किती हातांत पडला, हा वेगळा आणि खेदाचा विषय आहे. तरी तत्त्व पाहा: सरकारचे मौन हीच एक घटना मानली गेली आणि तिला परिणाम जोडला गेला. त्याहून नेमके उदाहरण माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले. तीस दिवसांत निर्णय दिला नाही तर अर्ज नाकारला असे मानण्यात येईल, असे कलम ७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. वरवर हे अर्जदाराच्या विरुद्ध वाटते. वस्तुतः त्यानेच अर्जदार मोकळा होतो; एकतिसाव्या दिवशी त्याला अपिलात जाता येते. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याची घडणही अशीच आहे. तुम्ही प्रॉमिसची घड्याळाशी शर्यत लावता आणि घड्याळ जिंकले तर नकार समजता, त्यात आणि कलम ७ मध्ये मला तत्त्वतः फरक दिसत नाही. एवढेच लक्षात ठेवा की, घड्याळ जिंकले म्हणून पलीकडचे काम थांबत नाही. ते थांबवण्याची सोय वेगळी करावी लागते. कचेरीतही फाईल फिरतच राहते.

आता थोडे त्या लायब्ररीच्या फुकटपणाविषयी. तिचा परवाना मी मुद्दाम वाचला. एमआयटी परवाना म्हणतात त्याला. एका पानाचाही नाही. कोणीही वापरा, बदला, विका, फक्त मूळ नाव आणि हा मजकूर राखा. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत म्हटले आहे की, ही वस्तू जशी आहे तशी दिली आहे, तिची कोणतीही हमी नाही. वचनांची सोय करून देणारी लायब्ररी स्वतः एकही वचन देत नाही! मला याचे हसू आले आणि आदरही वाटला. ज्याने पैसे घेतले नाहीत त्याने आपल्या देण्याची मर्यादा आधीच सांगून टाकली. हा स्वच्छ व्यवहार आहे.

परंतु या स्वच्छ व्यवहारावर फार मोठे इमले उभे आहेत. २२ मार्च २०१६ रोजी आझेर कोचुलु नावाच्या प्रोग्रॅमरने आपल्या एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादात एनपीएम या सार्वजनिक कोठारातून आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. ते जाताच जगभरच्या कंपन्यांतली प्रोग्रॅम बांधण्याची कामे अडली. कोठाराच्या चालकांना ते दोन-अडीच तासांत परत ठेवावे लागले. तेव्हा पुष्कळांनी हसून विचारले की, अकरा ओळी स्वतः लिहिता येत नाहीत का? मला तो प्रश्न उथळ वाटतो. सूतही घरी काढता येते. खरा प्रश्न असा होता की, ज्याच्यावर कोट्यवधींचा व्यापार टेकला आहे त्या माणसाशी कोणाचा काही करार होता काय? नव्हता.

अर्थशास्त्रात आम्ही सामाईक मालमत्तेचे उदाहरण म्हणून गायरान सांगतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते, गावकरी स्वतःचे नियम करून गायरान, जंगल, पाणी दीर्घकाळ सांभाळू शकतात हे दाखवण्याबद्दल. मुक्त स्रोताला हे उदाहरण सरसकट लावू नये असे माझे मत आहे. गायरानातले गवत चरल्याने संपते; या दहा ओळी लाखोंनी उतरवून घेतल्या तरी झिजत नाहीत. झिजतो तो त्या सांभाळणारा माणूस. कोणी दोष कळवतो, कोणी नवी सोय मागतो, कोणी उद्धटपणे विचारतो की, इतके दिवस उत्तर का नाही. रात्री नोकरीवरून परतल्यावर तो हे वाचतो. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या माहिती दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत जी घुसखोरी उघडकीस आली, तिच्यात एकट्याने वर्षानुवर्षे काम सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाचा विश्वास मदतनीस बनून संपादन केला गेला होता. दुर्मीळ आहेत ते त्याचे तास, आणि त्या तासांचा बाजारात भाव नाही. याला आम्ही फुकट्यांचा प्रश्न म्हणतो. येथे फुकटे म्हणजे लातूरची किंवा नांदेडची विद्यार्थिनी नव्हे. तिच्यासाठीच तर ही दारे उघडी आहेत. फुकटे म्हणजे नफ्यातल्या कंपन्या. काहींनी अलीकडे हात सैल केला आहे. झेरोधा या बंगळुरूच्या कंपनीने २०२४ साली मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. चांगले आहे. पण दानावर गायरान राखले जात नाही. त्याला नियम आणि वर्गणी लागते.

पी-डिफरच्या बाबतीत मात्र एक सुखद गोष्ट घडली. शिक्के बाहेर काढण्याची जी सोय इतकी वर्षे अशा छोट्या लायब्रऱ्या पुरवत होत्या, ती २०२४ च्या प्रमाण जावास्क्रिप्टमध्येच आली. ‘विथ-रिझॉल्व्हर्स’ असे तिचे नाव. म्हणजे एका माणसाने वाटलेली चीज आता भाषेची झाली, आणि पुढे त्या लायब्ररीची कोणाला गरज उरणार नाही. खासगी मालमत्तेच्या जगात उत्पादकाला हे संकट वाटले असते. येथे कोणाचे काही बुडाले नाही.

आपल्या भागातून असे काही निघावे असे मला वाटते, आणि ते मोठेच असले पाहिजे असे नाही. मुंबईत रुशभ मेहता यांच्या फ्रॅपे कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचे व कारभाराचे मोठे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत म्हणून दिले, ते आपण जाणताच. पण तेवढी मजल येथून आज लगेच मारता येईल असा उपदेश मी करणार नाही. या नांदेडात अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली निघाले आणि विद्यापीठ १९९४ साली. त्याआधीच्या पिढीची किती वर्षे नुसती अर्ज करण्यात आणि औरंगाबादेच्या गाड्या पकडण्यात गेली, ते मी पाहिले आहे. तुमच्या हाती तेवढी वर्षे वाचली आहेत.

त्या मुलीने काय केले ते सांगतो. तिने तीन-चार ओळींची ती दुरुस्ती केली. आणि रविवारी घरी बसून एक लहानशी लायब्ररी लिहिली. नेहमीचाच डिफर्ड, फरक इतकाच की तो तयार करतानाच मुदत सांगावी लागते. सांगितली नाही तर तो तयारच होत नाही. मुदत टळली की आपोआप नकार, आणि तो डिफर्ड कोणत्या ओळीवर तयार झाला होता त्याचा पत्ता नकारासोबत. ती तिने मुक्त परवान्याखाली ठेवली आहे. मी विचारले, किती जणांनी उतरवून घेतली? म्हणाली, ‘‘सर, चौदा. त्यातली तीन मीच, तीन वेगवेगळ्या मशीनवरून.’’

प्राध्यापक महोदयांनी परवानगी दिली म्हणून तिचा तो प्रोग्रॅम मी माझ्या अक्षरात मागच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे. सातव्या ओळीत, मुदतीपूर्वी सकारले गेले तर घड्याळ बंद केले जाते की नाही, याविषयी मला शंका आहे. तिच्याशी बोलणे व्हायचे आहे. आपल्यापैकी कोणाला दिसत असेल तर उठून सांगावे.